घर आधी, जनावर मागून

लीड्स
12 ऑक्टोबर

चि. बाळ्या,

रात्री अकराला पाठवलेला तुझा फोटो पाहिला. प्लॅस्टिकच्या डब्यात टिश्यू पेपरवर बसलेलं बोआचं पिल्लू, जेमतेम बशीएवढं वेटोळं, पाठीवर तपकिरी खोगिरं आणि शेपटीकडे विटकरी झाक. खाली तुझा एकच प्रश्न, ‘मावशी, घेऊ का?’ फोनवर बोलले असते तर तू दर वाक्याला ‘हो, हो’ म्हणाला असतास आणि फोन ठेवल्याबरोबर पैसे भरून मोकळा झाला असतास. म्हणून लिहायला बसले.

पिल्लू देखणं आहे, त्यात वाद नाही. मलाही क्षणभर हात पुढे करावासा वाटला. पण आत्ता पैसे भरू नकोस.

तू आजोबांना म्हातारपणीच पाहिलंस. मला आठवतात ते चाळिशीतले, राजापूरच्या घरचे. दिवेलागणीनंतर आमच्याकडे सापाला साप म्हणत नसत, ‘जनावर’ म्हणत, फार तर ‘लांबडं’. मी दहा वर्षांची असेन, तेव्हा एका रात्री खुराड्यात अजगर शिरला. सकाळी आई कोंबड्या सोडायला गेली तर एक कोंबडी पोटात घालून हा कोपऱ्यात पडलेला, मधोमध फुगलेला, जागचा हलेना. शेजारपाजारचे काठ्या घेऊन आले. आजोबांनी सगळ्यांना अंगणातच थांबवलं, दोन गड्यांना हाताशी घेतलं, अजगर गोणपाटात घातला आणि वर देवराईच्या कडेला नेऊन सोडला. गोणीचं तोंड बांधण्याआधी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझा तळवा त्याच्या पाठीवर ठेवला. मला वाटलं होतं ओलं, बुळबुळीत लागेल. ते कोरडं होतं, गार होतं, आणि कातडीखाली काहीतरी हळू सरकत होतं. परत येताना आजोबा एवढंच म्हणाले, ‘कोंबडी गेली, हिशेब मिटला.’

माझं सापांचं वेड त्या तळव्यातून आलं. आणि तुझा फोटो पाहिल्यावर मला तीच गोणी आठवली, कारण आजोबांना जे करता आलं ते तुला करता येणार नाही. त्यांना जनावर सोडता आलं. आपल्याकडचे सर्पमित्र आजही तेच करतात, घरातून उचलतात आणि रानात नेऊन सोडतात. अजगर तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे, तो घरात ठेवायचा विचारही कुणी करू नये. बोआला मात्र अशी देवराई नाही. तुझ्या फोटोतलं पिल्लू इथेच कुणाच्या तरी मागच्या खोलीत जन्मलं. इंग्लंडच्या थंडीत ते बाहेर टिकणार नाही. आणि जिथे टिकतात तिथे आणखी वाईट होतं. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर 1971 मध्ये एका चित्रपटासाठी आणलेले बोआ काम संपल्यावर सोडून दिले, असं सांगतात. त्यांची प्रजा तिथे अजून आहे. अरूबा बेटावर 1999 मध्ये पहिल्यांदा बोआ सापडला आणि आता तो त्या बेटाचे पक्षी आणि सरडे खाऊन वाढतो आहे. म्हणजे एकदा घेतलेला बोआ शेवटपर्यंत तुझाच.

आणि तो शेवट लांब असतो. नीट ठेवलेला बोआ वीस ते तीस वर्षं जगतो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला पॉपाय नावाचा बोआ 1977 मध्ये गेला तेव्हा चाळीस वर्षं तीन महिन्यांचा होता. तुझा व्हिसा पाच वर्षांचा आहे, बाळ्या. फ्लॅटचा करार एक वर्षाचा. हे तुला हिणवायला लिहीत नाही. मीही अशीच सुटकेस घेऊन इथे आले होते आणि मलाही कुणीतरी हा हिशेब मांडून दाखवायला हवा होता.

तुला माहीत नसेल, पण काशीच्या आधी माझ्याकडे आणखी एक बोआ होता. मी त्याच्याबद्दल कधी बोलत नाही. एकाला घर बदलायचं होतं म्हणून त्याने स्वस्तात दिला आणि मी उशीच्या अभ्र्यात घालून बसने घेऊन आले. घर काय, नंतर करू, असं म्हटलं. माळ्यावर माशांची जुनी काचेची टाकी होती, त्यात ठेवला, वर जाळी टाकली आणि एक बल्ब लावला. वरच्या जाळीतून सगळी ऊब आणि ओल उडून जायची. बल्बजवळ भट्टी आणि टाकीच्या तळाला थंडी. चौथ्या आठवड्यात पाण्याच्या भांड्यात मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसले. त्या सापाच्या गोचिड्या होत्या, त्या त्याच्या खवल्यांखाली बसून रक्त पितात, आणि मी त्यांना माती समजून भांडं धुऊन टाकलं. मग त्याच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तोंडाच्या कडेला फेस दिसायला लागला. डोकं वर करून श्वास घ्यायचा, ताऱ्यांकडे बघितल्यासारखा. डॉक्टरांकडे नेला तोवर फुप्फुस गेलेलं होतं. सात आठवडे. नाव ठेवायचंही राहून गेलं.

देणाऱ्याचा दोष थोडा असेल, माझा जास्त. त्यानंतर दोन वर्षं मी साप आणला नाही. आधी घर बांधलं, मग त्यात काशी आली. तिला आता एकोणीस वर्षं झाली.

म्हणून घरापासून सुरू करते. आज संध्याकाळी टेप घे आणि तुझ्या हॉलची भिंत मोज. वाढलेल्या बोआला सहा फूट लांब, दोन फूट खोल आणि दोन फूट उंच घर लागतं. मी त्याहून कमी सांगणार नाही. साप वेटोळं करून बसतो म्हणून त्याला जागा लागत नाही, असं दुकानात अजून सांगतात. काशी रात्री पूर्ण लांब होऊन काचेच्या कडेने फिरते, फांदीवर चढते, सरळ पडून राहते. ज्याला कधी सरळ होताच आलं नाही त्याच्या पाठीचं काय होत असेल? सहा फुटांची मोकळी भिंत तुझ्याकडे नसेल तर विषय तिथेच थांबतो. असेल तर घरमालकाला विचार, आणि परवानगी लेखी घे. तोंडी ‘नो प्रॉब्लेम’ सहा महिन्यांनी विसरलं जातं आणि मग तुझ्याबरोबर सापालाही घर शोधावं लागतं.

घर लाकडी कर. इथे सगळे त्याला व्हिव्ह म्हणतात. लाकूड ऊब धरून ठेवतं, तीन बाजू बंद असल्यामुळे सापालाही उघड्यावर बसल्यासारखं वाटत नाही. पुढे सरकती काच आणि तिला कुलूप. कुलूप म्हणजे कुलूपच, चिकटपट्टी नाही. बोआ सबंध अंग म्हणजे एक स्नायू असलेला प्राणी आहे, बोटभर फट मिळाली की नाकाने ढकलून ती रुंद करतो. सांध्यांना आतून सिलिकोन भर, नाहीतर ओलीने फळ्या फुगतात.

आत एक टोक गरम आणि एक टोक गार. सगळी गोम इथे आहे. साप स्वतःचं अंग तापवत नाही, तो जागा बदलतो. गरम टोकाला 31 ते 32 अंश, गार टोकाला 25-26, आणि रात्री 23 च्या खाली कधीच नाही. सगळीकडे सारखं 29 ठेवलंस तर त्याला निवडायलाच काही उरणार नाही. छताला सिरॅमिक हीटर लाव आणि त्याच्याभोवती जाळीचा पिंजरा, कारण साप उबेला बिलगतो आणि कातडी भाजली तरी लवकर सरकत नाही. हीटर थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावू नकोस. आणि थर्मोस्टॅटवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस, हे मी अनुभवाने सांगते. एका जानेवारीत काशीने थर्मोस्टॅटची प्रोब अंगाने ओढून गार कोपऱ्यात नेली. त्याला वाटलं घर थंड आहे, म्हणून तो हीटर बंदच करेना. मी दुपारी घरी होते म्हणून निभावलं. काशी पाण्याच्या भांड्यात पूर्ण बुडून, फक्त नाक वर काढून बसलेली दिसली. वरच्या तापमापकात 41. त्या दिवसापासून प्रोब स्क्रूने पक्की केलेली आहे आणि दोन्ही टोकांना वेगळे तापमापक आहेत. सकाळी चहाआधी मी ते दोन आकडे वाचते.

दोन लपायच्या जागा, एक गरम टोकाला, एक गार टोकाला, अंग दोन्हीकडे घासेल इतक्या तंग. एकच असली तर ऊब हवी की लपणं हवं, असा पेच रोज त्याच्यापुढे. जाड फांदी किंवा फळी, नीट अडकवलेली. लहान वयात बोआ बराच वेळ झाडावर काढतो. अंग बुडेल एवढं जड भांडं. खाली मी नारळाच्या सोडणांचा चुरा घालते. पिशवी उघडली की राजापूरच्या मागच्या पडवीचा वास येतो, आणि साठ टक्क्यांच्या आसपास ओल तो छान धरतो. ओल कमी पडली तर कात एका तुकड्यात निघत नाही, डोळ्यांवरची चकती तशीच राहते. फार झाली आणि हवा कोंडली तर छाती भरते.

हे सगळं झालं की रिकामं घर दोन आठवडे चालव. आकडे वहीत लिही. हसू नकोस. रिकाम्या घरात चूक झाली तर कुणाचा जीव जात नाही.

आता साप. बाजारात ‘कोलंबियन’ किंवा ‘कॉमन’ म्हणून मिळतो तो मुख्यतः मध्य अमेरिकेचा, बोआ इम्पेरेटर. शेपटीला गडद लाल, अंगाने थोराड, तो दक्षिणेचा, सुरिनाम-गयानाकडचा खरा बोआ कन्स्ट्रिक्टर. लिनियसने 1758 मध्ये दिलेलं नाव आणि सापाचं बोलीतलं इंग्रजी नाव एकच, असं फार थोड्या प्राण्यांच्या वाट्याला आलंय. हा दक्षिणेचा दिसायला अप्रतिम, पण पोटाचा नाजूक. थोडं जास्त खाल्लं किंवा ऊब कमी पडली की ओकतो. पहिल्यांदा पाळणाऱ्याने इम्पेरेटरच घ्यावा. त्यातही नर. मादी सहा ते आठ फूट होते आणि मनगटाएवढं नव्हे, तुझ्या पोटरीएवढं अंग धरते. नर बहुधा पाच-साडेपाच फुटांवर थांबतो. होंडुरासजवळच्या कायोस कोचिनोस बेटांवरचे त्याहून लहान राहतात, त्यांना हॉग आयलंड बोआ म्हणतात. शुद्ध मिळाला तर तुझ्या फ्लॅटला शोभेल. रंगांच्या मागे लागू नकोस. अल्बिनो, अमुक, तमुक, यात किंमत तिप्पट होते आणि सापाला त्याचा काही उपयोग नसतो.

नर आहे असं विकणारा म्हणाला तर कशावरून, ते विचार. 2024 च्या जूनमध्ये पोर्ट्समथच्या एका कॉलेजात रोनाल्डो नावाच्या रेनबो बोआने, बोआचाच हा नातलग, चौदा पिल्लं दिली. सगळे त्याला वर्षानुवर्षं नर समजत होते आणि इतक्या वर्षांत तो दुसऱ्या सापाच्या जवळही गेलेला नव्हता. नराशिवाय पिल्लं देणं या कुळात खरोखर घडतं. बोआ अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो, आणि एका वेळी कधी कधी चाळीस-पन्नास. एवढ्यांना कुठे ठेवशील?

पिल्लू कुठूनही घे, बंदिस्तात जन्मलेलं आहे याची खात्री कर. आईबाप दाखव म्हण. खाण्याची नोंद माग; निदान सहा वेळा, फ्रीजरमधला उंदीर वितळवून दिलेला, न ओकता खाल्लेला हवा. हातात घेतल्यावर ते बोटांना धरून राहायला हवं, ओल्या दोरीसारखं लोंबकळायला नको. डोळ्यांच्या कडा आणि हनुवटीखालची खाच नीट बघ, गोचिड्या तिथे बसतात. कानाजवळ धरून श्वास ऐक. आणि एक रोग असा आहे की बघून कळत नाही. त्याला आयबीडी म्हणतात. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी त्यामागचे विषाणू शोधले. बोआ वर्षानुवर्षं धडधाकट दिसत तो रोग अंगात वागवतो, औषध नाही. विकणाऱ्याने रक्ततपासणी केली असेल तर त्याला दोन पैसे जास्त दे.

डॉनकास्टरला सरपटणाऱ्या प्राण्यांचा मेळावा भरतो, तिथे मी तुला घेऊन जाईन. पहिल्या खेपेला पाकीट घरी ठेवायचं.

पण माझ्या मनातलं सांगू? पिल्लू घेऊच नकोस. आरएसपीसीए या इथल्या प्राणिसंस्थेकडे आणि इतर आसरा देणाऱ्यांकडे वाढलेले बोआ येऊन पडलेले असतात. कुणाचं लग्न झालं, कुणाचं घर बदललं, कुणाला तो एवढा वाढेल हे ठाऊकच नव्हतं. आठ-दहा वर्षांचा, पाच फुटांचा, खातापिता नर. त्याची लांबी तुला आजच माहीत, स्वभाव आजच माहीत, आणि उरलेली वर्षंही जरा तुझ्या आवाक्यातली. पिल्लं घाबरट असतात, फुसफुसतात, चावतात. मोठा, माणसाला सरावलेला बोआ संथ असतो. मला तुझ्यासाठी तो हवा आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. लोक प्रेमाने बोआ मारतात, जास्त खाऊ घालून. पिल्लाला दहा-चौदा दिवसांनी, मोठ्या नराला चार-पाच आठवड्यांनी एक, अंगाच्या जाडीएवढा उंदीर पुरतो. काशी पाच आठवडे थांबते, आणि मध्येच काच चाटून माझ्याकडे बघते तेव्हा मला आजीसारखं वाटतं की द्यावं काहीतरी. देत नाही. जिवंत उंदीर कधीही टाकू नकोस. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाचा डोळा फोडतो, आणि त्या उंदराच्या भीतीचंही काही आहे की नाही? खाल्ल्यावर तीन दिवस हात लावायचा नाही. ओकला तर तीन आठवडे काही द्यायचं नाही, आधी तापमानाचे आकडे तपासायचे. एरवी दार उघडलं की साप उचलायच्या काठीच्या आकडीने पाठीला हलकं टेकवायचं, म्हणजे हा हात आहे, जेवण नाही, हे त्याला कळतं. मग पोटाखालून आधार देऊन उचलायचं. गळ्यात घालायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. नंतर साबणाने हात.

विळख्याबद्दल लोक म्हणतात, बोआ गुदमरवून मारतो. पण पेनसिल्व्हेनियातल्या डिकिन्सन कॉलेजच्या संशोधकांनी 2015 मध्ये मोजून दाखवलं की विळखा पडताच काही सेकंदांत सावजाचं रक्त फिरायचं थांबतं. त्याआधी 2012 मध्ये त्यांनीच दाखवलं होतं की विळखा किती वेळ आवळायचा, हे बोआ सावजाच्या हृदयाच्या ठोक्यांवरून ठरवतो. काशी माझ्या दंडाभोवती असते तेव्हा मला ते आठवतं. ती माझे ठोके ऐकत असते. ती मला ओळखते का, हे तू मागे विचारलं होतंस. मला वाटतं, माझा वास आणि माझी सवय तिच्या ओळखीची आहे, त्यापलीकडे मी तिच्याकडे काही मागितलं नाही. दंडावर साडेसहा किलोचं ते गार वजन हळूहळू माझ्या अंगाच्या उबेने कोमट होतं, तेवढं मला पुष्कळ आहे.

उद्या पुण्याला परत जायचं ठरलं तर त्याला बरोबर नेऊ, असं मनात असेल तर काढून टाक. बोआ साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, सीमा ओलांडायला परवाने लागतात. भारतात वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनंतर असा परदेशी प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते. म्हणजे तू गेलास तर तो इथेच राहणार, कुणाकडे तरी.

काशीच्या व्हिव्हच्या बाजूला माझी वही टांगलेली असते, तू पाहिली आहेस. कात कधी टाकली, वजन किती, कधी खाल्लं. तिचं पहिलं पान तू उघडलं नसशील. त्यावर तिच्या डॉक्टरांचा नंबर आहे, हीटरचे आकडे आहेत आणि खाली लिहिलं आहे, ‘माझ्यानंतर’. त्यापुढे दोन नावं, दोघांनाही विचारून लिहिलेली. असंच पान तू आधी लिही. तुझ्या पानावर माझं नाव येणार हे मला माहीत आहे आणि माझी हरकत नाही. फक्त मी एकसष्टची आहे, हे धरून चाल. पिल्लू घेतलंस तर ते तिशीला येईल तेव्हा मी एक्याण्णवची असेन. माझ्या नावाखाली आणखी एक नाव लिही, आणि त्या माणसाला समोर बसवून विचार.

रविवारी ये. काशीचे डोळे कालपासून दुधी झालेत, शनिवारपर्यंत परत स्वच्छ होतील आणि मग चार-पाच दिवसांत ती कात टाकेल, तोवर तिला उचलायचं नाही. पण व्हिव्ह साफ करायचं आहे, फळी बदलायची आहे, आणि त्या फळीला दोन माणसं लागतात. भाजणी तुझ्या आईने पाठवली आहे, थालीपीठं करते. टेप आणि भिंतीचं माप घेऊन ये.

तुझी
मावशी